चाळीस झाडांवरच्या माझ्या गाठी

अन्याय झाला तो धानोरा तालुक्यातल्या एका गावच्या अकरा बायांवर. होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वानऊ वाजता, गावाच्या उगवतीकडच्या टेकडीवर एका जांभळाच्या खोडाला छातीच्या उंचीवर पहिली गाठ बसली, त्या क्षणी झाला.

पत्रकात याच्यापुढची ओळ 'जबाबदार कोण?' अशी जाड ठशात येते आणि खाली एखादा ठेकेदार, एखादा साहेब मान खाली घालून उभा असतो. मी अकरावीपासून पत्रकं लिहिते, मला त्या ओळीची सवय आहे. या वेळी तिथे दुसरं कोणी उभं करता येत नाही. गाठ मी मारली. इतकी नीटस आणि इतक्या अभिमानानं मारली की तिचा फोटो काढून ठेवला. सव्वानऊ वाजले होते हे त्या फोटोवरूनच मला माहीत आहे.

मी ब्रह्मपुरीची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत, वाद मात्र भरपूर आहेत. भाजीत मीठ कमी पडलं तर वडील तेसुद्धा तीन मुद्द्यांत मांडतात. अशा घरातली पोरगी पत्रकं लिहिणार नाही तर काय करणार? कॉलेज संपल्यावर मी धानोऱ्याकडे आले ती या गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याला मदत करायला. लांबून हे काम सोपं वाटतं. गावानं म्हणायचं, हे रान आम्ही पिढ्यानपिढ्या वापरतो. सरकारी ऑफिसनं विचारायचं, कशावरून? मग गावानं कागद आणायचे. ज्यांना आजवर कोणी कागद दिलाच नाही त्यांनी तो कुठून आणायचा, हे मात्र कोणी सांगायचं नाही. तरी बराचसा भाग पदरात पडला होता. उगवतीची टेकडी तेवढी लटकली होती. वापराचा पुरावा कमी पडतो, असं उत्तर आलं होतं.

त्याच सुमारास पुण्याहून एक संशोधक आले. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांना गोंडी येत नव्हती, इकडची मराठी अर्धीमुर्धी कळत होती, आणि सोबतीला इथलं कोणीतरी हवं होतं. मला गावात राहायला निमित्त हवं होतं. जमलं.

विषय विचारला तर म्हणाले, फुलपाखरू. माझा चेहराच पडला. फुलपाखरू म्हणजे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातली वस्तू, बालवाडीच्या भिंतीवरची वस्तू. इथे गावाची टेकडी हातची जायची वेळ आली आहे आणि हा माणूस फुलपाखरं बघायला आला आहे. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. सर रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. हा त्यांचा मोठा दोष आहे, भांडणाऱ्या माणसाची त्यात फार गैरसोय होते.

मग त्यांनी शांतपणे अळीबद्दल सांगितलं, आणि मी खुर्चीच पुढे ओढली.

लाल मुंग्या झाडावर पानं शिवून घर करतात हे इकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जांभळावर, आंब्यावर, कुसुमावर, पानाला पान जोडून नारळाएवढा, कधी घागरीएवढा गोळा. हात लावला की शेकडो बाहेर येतात, चावतात आणि चावलेल्या जागी पोट वाकवून आंबट पाणी सोडतात. त्या घरात, मुंग्यांच्या पिल्लांच्या मधोमध, या फुलपाखराची अळी राहते. चपटी, चामड्यासारखी जाड, कडा पानाला घट्ट चिकटवून बसलेली. मुंग्या चावून चावून दमतात, त्यांना खालून पकडच मिळत नाही. ही बया मात्र हळूच कड उचलते, एक पिल्लू आत ओढते, खाते, कड खाली ठेवते. पान खात नाही, कळी खात नाही. मुंग्यांच्या घरात राहून मुंग्यांचीच पोरं खाते.

असं आयतं उदाहरण कोणी हातात देतं का? मुंग्या म्हणजे गाव, अळी म्हणजे ठेकेदार. कातडं जाड, पकड मजबूत, खाणं सुरू. मी बसल्या जागी अर्धं पत्रक लिहून काढलं आणि ज्यांच्या घरी राहत होते त्या बाईंना वाचून दाखवलं.

या बाई साठीच्या आसपासच्या. गावात मुंग्या काढायला जाणाऱ्या ज्या अकरा बाया, त्यांच्यात सगळ्यात जाणत्या. घरात गोंडी बोलायच्या, माझ्याशी मराठी. त्या सुपात मोहफुलं निवडत ऐकत होत्या. माझं वाचन संपल्यावर म्हणाल्या,

"ते अळी दिवसाले किती पोरं खाते?"

मी म्हणाले, नक्की माहीत नाही, सरांना विचारावं लागेल, पाच-दहा खात असेल.

"अन् आमी तं अख्खं घरच झाडून आणतो. लहान, मोठे, अंडे, सारे. मीठ-मिरची टाकून वाटतो." सुपातला हात थांबला. "मंग आमी कोण व माय, तुह्या कागदात?"

ते पत्रक तिथेच संपलं. वहीत अजून अर्धंच आहे.

सरांची शोधायची पद्धत पुस्तकी होती. शिडी लावायची, हातमोजे घालायचे, मुंग्यांच्या घराला बारीक चीर द्यायची आणि कॅमेऱ्याची नळी आत सरकवायची. तीन आठवडे आम्ही दोघांनी अंग फोडून घेतलं. मुंग्या कॉलरमधून शिरायच्या, मोज्यांतून शिरायच्या. चावा बसला की सर 'अरेच्चा' म्हणायचे. मी ब्रह्मपुरीत जे म्हणतात ते म्हणायचे. अळी एकही दिसली नाही. या भागातून तिची नोंदच नाही, असेल कशावरून, असं म्हणत सर परतीची भाषा बोलू लागले.

अळी शेवटी बाईंच्या अंगणात सापडली. बांबूच्या टोकाला टोपली बांधून, घर हलवून, टोपलीत पडलेल्या मुंग्या बाई घेऊन आल्या होत्या. मेलेल्या मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी सुपात पसरून काडीकचरा निवडत होत्या. पुढे त्याची चटणी व्हायची. थोडी घरी राहायची, बाकीची पानाच्या पुड्यांत बांधून धानोऱ्याच्या बाजाराला जायची. निवडता निवडता त्यांनी काहीतरी चपटं, बदामी रंगाचं, तांदळातला खडा फेकावा तसं अंगणात भिरकावलं. कोंबडी धावली. मी कोंबडीच्या आधी पोचले.

सर अंगणात गुडघे टेकून बसले. हे कुठे मिळालं, असं त्यांनी तीनदा विचारलं. बाईंना त्यांची काळजी वाटली असावी, कारण त्यांनी आधी मला पाणी आणायला सांगितलं आणि मग उत्तर दिलं. त्या वस्तूला गोंडीत वेगळं नाव आहे, माझ्या जिभेला ते अजून वळत नाही. मराठीत बाई झाकणी म्हणाल्या, भांड्यावरच्या झाकणीसारखी बसते म्हणून. झाकणी असली की त्या घरात अंडी कमी. बांबू लावून जरासं हलवलं की कळतं, घर हलकं लागतं. असली घरं त्या शक्यतो सोडूनच देतात, मेहनत फुकट जाते.

दुसऱ्या दिवशी बाई टेकडीवर बांबू घेऊन फिरल्या आणि ही पाहा, ही पाहा, करत सकाळच्या सकाळी सात घरं दाखवली. पाचांत झाकणी निघाली. सरांनी वहीत शोधणाऱ्यांत पहिलं नाव बाईंचं लिहिलं. या बाबतीत तक्रार करायला मी जागा शोधली, सापडली नाही.

आता सरांना टेकडीवरची मुंग्यांची घरं असलेली सगळी, म्हणजे चाळीस, झाडं पावसाळ्यापर्यंत दर आठवड्याला बघायची होती. कुठलं झाड ते ओळखण्यासाठी त्यांनी गुलाबी प्लास्टिकच्या फितीची गुंडाळी आणली होती. इथे माझं पित्त खवळलं. प्लास्टिकवर माझी दोन पत्रकं आहेत. जंगल वाचवायला निघालेला माणूस जंगलाला गुलाबी प्लास्टिक गुंडाळतो, असं मी त्यांना सुनावलं, आणि बराच वेळ सुनावलं. ते म्हणाले, मग पत्र्याचे छोटे बिल्ले आहेत. मी म्हणाले, म्हणजे झाडाला खिळे ठोकणार? ते म्हणाले, मग काय करू या? मी म्हणाले, इथलं काहीतरी वापरू.

इथलं काहीतरी बाईंच्या ओसरीत लोंबत होतं. पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेला वाख, ज्याचा दोर वळतात. मी मागितला. कशाला पाहिजे, असं बाईंनी विचारलं. झाडांना बांधायला, मी म्हणाले.

"किती झाडाले?"

"चाळीस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आत गेल्या आणि वाखाची आणखी एक जुडी आणून दिली. माझं प्लास्टिकविरोधी म्हणणं त्यांना पटलं, असा मी त्याचा अर्थ घेतला.

तर त्या सोमवारी मी चाळीस झाडांना चाळीस गाठी मारल्या. झाडांच्या जागा सरांच्या फोनमध्ये, खुणा माझ्या हाताच्या. प्लास्टिक नाही, खिळा नाही. मला फार छान वाटलं.

सरांच्या तक्त्यात झाकणीची लांबी-रुंदी, घराचा आकार, झाडाची जात अशा रकान्यांनंतर शेवटचा एक रकाना होता : माणसांकडून संकलन, होय किंवा नाही. हा रकाना भरायचं काम माझं, कारण कोणी येऊन घर झाडून नेलं की नाही हे मला बघून कळायचं. दर सोमवारी मी टेकडी चढायचे. एकाही बांधलेल्या झाडावरचं एकही घर कोणी हलवलेलं नसायचं. मी लिहायचे, नाही. पुढचं झाड, नाही. पुढचं झाड, नाही. खाली सही. असे आठवड्यांमागून आठवडे गेले. अक्षर माझं चांगलं आहे.

दर सोमवारी त्याच वेळी टेकडीच्या पायथ्यावरून बाया बांबू आणि टोपल्या घेऊन जाताना मला दिसायच्या. त्या टेकडी चढायच्या नाहीत. पुढे जायच्या, नाला ओलांडायच्या आणि पलीकडच्या रानात शिरायच्या. जायला-यायला मिळून चांगले दोन तास जास्त. तिकडे मुंग्या जास्त असतील, मी म्हणायचे. एकीचा नाल्याच्या दगडावरून पाय घसरला आणि मनगट सुजलं, तेव्हा मी तिला माझ्याकडचा मलम दिला आणि त्याचंही मला छान वाटलं. एकदा बाईंच्या घरी चटणी चिंचेची होती. उन्हाळ्यात ऐन हंगामात त्या घरात चिंचेची चटणी. मी दोनदा वाढून घेतली आणि काही विचारलं नाही.

उलट सरांना मी कारणही पुरवलं. बाजारात तयार सॉस मिळतो, नव्या सुनांना चावून घ्यायचं नाही, परंपरा मरत चालली आहे. सांगता सांगता मला वाईटही वाटलं. सरांनी माझं ते वाईट वाटणं वहीत लिहून घेतलं.

मेच्या मध्यावर एका झाकणीतून फुलपाखरू बाहेर येणार असं सरांनी ओळखलं. मी बाईंना बघायला चला म्हणाले. इतकी वर्षं त्यांनी झाकणी फेकूनच दिली होती, तिचं पुढे काय होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. टेकडीवर चालताना बाई बांधलेल्या प्रत्येक झाडाला वळसा घालून जात होत्या, हात मागे बांधून. अभ्यासाच्या झाडांना धक्का लागू नये म्हणून ही काळजी, असं मला वाटलं. मी कौतुकानं सरांकडे पाहिलंही.

सूर्य कलल्यावर ते बाहेर आलं. सुंदर वगैरे काही नव्हतं. सगळ्या अंगावर पांढरा भुसा थापलेला, पंख चुरगळलेले, चालणं दारुड्याचं. मुंग्या तुटून पडल्या, पण जी मुंगी चावायची तिच्या तोंडात नुसता भुसाच यायचा. मुंग्या तोंडं पुसत बसल्या आणि ते तेवढ्यात फांदीवर चढलं. सर म्हणाले, आता याला खायला तोंड नाही. जे खायचं ते अळी असताना खाऊन झालं. काही दिवस जगेल, अंडी घालेल. पंख वाळले तसे मातकट नारिंगी झाले, आणि एका झेपेत ते गेलंसुद्धा.

बाई त्या रिकाम्या फांदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमी कोनतंच झाड पुरं झाडत नाई. एक घर ठेवतोच. त्यातूनच निघत असन हे, इतके साल."

सरांनी ते वाक्य लिहून घेतलं नाही. मीही नाही. आम्ही फोटो बघत होतो.

सरांनी संशोधनाच्या परवानगीच्या अटीप्रमाणे ऑफिसात अहवाल दिला आणि ते पुण्याला गेले. पेरणी सुरू व्हायच्या आधी एक दिवस ऑफिसातून माणूस आला, पत्र घेऊन. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामाईक घरात, ग्रामसभा बसली. माणूस साधा होता, घामाघूम झालेला, मोटारसायकलवर धूळ खात आलेला. त्यानं पत्र वाचलं, मी ते सोपं करून सांगितलं, बाईंनी गोंडीत सांगितलं. पत्राचा मतलब असा : उगवतीच्या टेकडीवर दुर्मिळ फुलपाखरू आढळलं आहे. त्याच टेकडीवर ऐन हंगामात अनेक आठवडे पाहणी झाली आणि गावकरी तिथून काहीही गोळा करत नाहीत असं दिसून आलं. म्हणून टेकडी दाव्यातून वगळावी आणि फुलपाखरासाठी बंद ठेवावी. वापरच नसल्यानं कोणाचं नुकसान नाही.

मी उठले. माझं भाषण तयारच असतं. हे साफ खोटं आहे, कोणी टेबलावर बसून लिहिलं आहे, पाहणी केली कोणी, नाव सांगा, असं मी म्हणाले. त्या माणसानं पत्रामागे जोडलेला तक्ता काढला आणि फार नम्रपणे माझ्यापुढे धरला.

"मॅडम, सही तुमचीच हाय ना?"

नाही, नाही, नाही, नाही. पानभर. सुंदर अक्षरात.

मग बाईंनी विचारलं,

"तुह्या गाठी तू कवा सोडतं?"

मी म्हणाले, कोणत्या गाठी?

त्यावर बाया आधी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग हसायला. मनगट सुजलेली ती बाई सगळ्यात जास्त हसली. हळूहळू मला उलगडा झाला. पळसाच्या वाखाची गाठ छातीच्या उंचीवर बांधली की ते झाड धरलं. या हंगामात त्यावरचं जे काही आहे ते बांधणाऱ्याचं. दुसरं कोणी हात लावत नाही, बघतसुद्धा नाही, आणि का धरलंस असं तर कधीच विचारत नाही. इथली पाच वर्षांची पोरगीही हे जाणते. कोणी दोन झाडं धरतं, कोणी तीन. चाळीस कोणी धरल्याचं गावाला आठवत नव्हतं.

एक बाई म्हणाली, त्यांनी आपसात बसून विचार केला होता. "दोघं जनं, चाळीस झाडं. आमी म्हनलं, सायेब पुन्याचा हाय, तिकडे आंबट मिळत नसन. खाऊ द्या बिचाऱ्याले."

दुसरी म्हणाली, "पन काढे तं नाई. नुस्ती पाहे अन् लिहे. मले वाटलं, देवाचं काई असन त्याइचं."

सगळं गोटुल हसलं. ऑफिसचा माणूसही हसला आणि मग पत्राकडे बघून थांबला.

मी बाईंना म्हणाले, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतं. माझ्या आवाजात अजून भाषणच होतं.

"धरलेल्या झाडाचं कोनी इचारते का? हलकट दिसते ते." बाई हसत नव्हत्या. "पन तुले तं असं काई नवतं. तू काऊन नाई इचारलं?"

याचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही, कारण ते एका ओळीचं आहे. मला वाटलं, मला माहीत आहे. हक्काच्या दाव्यासाठी मी त्या गावात राहत होते. त्यांच्या वापराचे पुरावे गोळा करणं हे माझं काम होतं. आणि त्या टेकडीच्या विरोधात ऑफिसकडे जो एकमेव लेखी पुरावा आहे, तो मी तयार करून दिला. मोठ्या शिताफीनं, दर सोमवारी, बायांनी माझ्या हक्काचा मान राखला म्हणून.

मी ऑफिसच्या माणसाला म्हणाले, हे सगळं लिहून घ्या. त्यानं पेन काढलं, फॉर्म उलटसुलट केला आणि खरोखर अडचणीत पडून म्हणाला की याला रकाना नाही. शेवटी त्यानं 'ग्रामस्थांची हरकत' एवढंच लिहिलं आणि पावसाच्या आत नाका गाठायचा म्हणून निघून गेला.

सरांना फोन केला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, अरेच्चा. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खुलाशाचं पत्र पाठवलं, त्यात स्वतःची चूक मान्य केली आणि माझं नाव कुठे घातलं नाही. मी ते घालायला लावलं. ऑफिसचं उत्तर आलं की अहवाल आधीच स्वीकृत आहे, खुलासा त्याला जोडण्यात येत आहे, वापराबाबत ग्रामसभेकडे स्वतंत्र पुरावा असल्यास हिवाळ्यातल्या सुनावणीत मांडावा.

गावाचा न्याय याहून लवकर झाला. झाड धरायचं आणि घर तसंच सडू द्यायचं, हा इथे गुन्हा आहे. शिक्षा ठरलेली आहे : ज्यांचं राहिलं त्यांना काढून द्यायचं. हंगाम सरत आला होता, तरी मी चाळीस गाठी सोडल्या आणि अकरा घरांसाठी अकरा घरटी झाडली. बांबू मी धरायचा, बाया खाली बसून सूचना द्यायच्या. वर बघू नको, वर बघू नको, असं त्या म्हणेपर्यंत मी वर बघितलेलं असायचं. पापणी सुजून डोळा बंद झाला, मानेवर गांधी उठल्या. एका झाडावर दोनच घरटी होती, मी दुसऱ्यालाही बांबू लावला तेव्हा बाईंनी खालून बांबू धरला आणि सोडला नाही. मी पुढच्या झाडाकडे गेले.

सर म्हणतात, झाकणी त्या टेकडीवर टिकली याचं कारणच बहुधा ते एक सोडलेलं घर आहे. म्हणजे ज्या बायांना फुलपाखरासाठी हुसकावायचं, त्यांनीच ते न बघता सांभाळलं. हे म्हणणं ते सुनावणीत येऊन मांडणार आहेत. पण ते संशोधकाचं म्हणणं. ऑफिसला पुरावा हवा आहे तो वापराचा. या टेकडीवरून मुंग्या येत होत्या, त्यांची चटणी होत होती, ती कोणीतरी खात होतं, आणि तेही माझ्या गाठी पडायच्या कितीतरी आधीपासून. बायांनी आपले जबाब दिले आहेत. आपल्याच बाजूनं बोलतात, असं त्यांना म्हटलं जाईल. चटणी विकत घेणाऱ्यानं बोललं तर तसं म्हणता येणार नाही.

म्हणून आता तुमच्याशी बोलते. तुम्ही धानोऱ्याच्या बाजारातून कधी गेला असाल. नोकरीला होता, बदलीवर होता, निवडणुकीच्या कामावर होता, लग्नाला आला होता, काहीही असो. पानाच्या पुड्यातली लाल मुंग्यांची चटणी तुम्ही कधी घेतली असेल, खाल्ली असेल, तोंड वाकडं करून थुंकली असेल तरी चालेल. विकणाऱ्या बाईला 'कुठून आणली' असं विचारलं असेल आणि तिनं उगवतीकडे हात केला असेल, तर ते लिहा. साल आठवत नसेल तर कोणत्या साली नोकरीला होता ते लिहा. एक कागद, तुमच्या अक्षरात, खाली पूर्ण नाव आणि सही. सुनावणीच्या दिवशी तो हातात घेऊन या. ऑफिसनं विचारलं, तुम्ही कोण, तर सांगा, मी ती चटणी खाल्ली आहे.